पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडतंय? पुढचा हात मारायच्या आधी पांढरं कुठल्या थरात आहे ते बघा

मिरग पडला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कधी वॉर्डरोबचं शटर, कधी टीपॉय, कधी नुसता पलंगाचा पाय, आणि खाली एकच ओळ, दादा पॉलिश पांढरं पडलं काय करू. मी चिपळूणजवळ खेर्डीला फर्निचरचं वर्कशॉप चालवतो, सागवान आणि विनियर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) दोन्ही, आणि आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर, त्यामुळे हा प्रॉब्लेम मला दर वर्षी न चुकता भेटतो. घाई पण नेमकी तेव्हाच असते. कोकणात ज्याला त्याला नवीन फर्निचर गणपतीच्या आधी घरात हवं असतं, म्हणजे पॉलिशचं सगळं काम येतं आषाढ-श्रावणात, जेव्हा टॉवेल दोन दिवस दोरीवर ठेवला तरी वाळत नाही.

तर सगळ्यात आधी एक विनंती. पांढरं दिसलं की त्यावर लगेच अजून एक हात मारू नका. पॉलिशवाला म्हणतो वरून एक कोट मारला की दबून जाईल, आणि मारल्यावर ओलं असताना खरंच दबल्यासारखं दिसतं पण, मग वाळलं की आतून परत दिसायला लागतं आणि आता ते दोन थरांच्या मध्ये अडकलेलं असतं. पांढरं पडणं ही एक तक्रार नाही, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत ज्या लांबून सारख्याच दिसतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे पांढरं वर आहे, मध्ये आहे की लाकडातून येतंय हे आधी शोधायचं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका घराची २२ शटर होती, सागाचं विनियर, त्यावर गडद अक्रोड स्टेन (लाकडाला छटा देणारा पातळ रंग) आणि वर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती म्हणून शेवटचा कोट संध्याकाळी सहाला मारला, बाहेर धो धो पाऊस, शेडचं दार उघडं कारण आत थिनरच्या वासाने डोकं धरलं होतं. अर्ध्या तासात शटरांवर मळभ आल्यासारखं झालं, आरशावर श्वास सोडल्यावर जसं येतं अगदी तसं. गडद स्टेनवर तर ते जास्तच उठून दिसतं. आम्ही वरून अजून एक कोट मारला. सकाळी सगळी शटर दुधाळ. मग गाडी रद्द, आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला बसलो, पण विनियर असतं जेमतेम अर्धा मिलीमीटर, तीन शटरांच्या कडेला घासता घासता विनियर पार गेलं आणि खालचा प्लाय दिसायला लागला, ती तीन नवीन करावी लागली. त्या रात्री मी थिनरच्या दुकानदाराशी भांडलो होतो की माल भेसळीचा दिला. थिनर चांगलं होतं, चूक आमच्या वेळेची होती, आणि नंतर त्यांना जाऊन तसं सांगितलंही.

आता असं का होतं ते. लॅकर लाकडावर पडलं की त्यातलं थिनर भराभर उडतं, आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं ना तेच. पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडा गार होतो. उन्हाळ्यात त्याने काही बिघडत नाही. समजा हवा २८ डिग्री आणि आर्द्रता ६० टक्के, तर दव पडायला पृष्ठभाग साडेएकोणीसपर्यंत गार व्हायला हवा, म्हणजे आठ-साडेआठ डिग्रीने. पण तीच २८ डिग्री हवा ८५ टक्के दमट असेल तर दव २५ डिग्रीलाच पडतं. तीन डिग्रीचा फरक फक्त, आणि तेवढा गारवा थिनर सहज आणतं. हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर बसतं, त्यात शिरतं, आणि नायट्रोसेल्युलोज पाण्याला मानत नाही, ते विरघळलेलं असतं ते बारीक कणांनी फाटून बाहेर येतं, दूध नासल्यासारखं. ते कण प्रकाश पसरवतात, म्हणून पांढरं दिसतं.

हे एकदा डोक्यात बसलं की उपाय आपोआप सुचतात. थिनर सावकाश उडालं पाहिजे म्हणजे गारवा कमी, आणि थर तेवढा वेळ ओला राहिला पाहिजे म्हणजे शिरलेलं पाणी निघून जाईल. त्यासाठी रिटार्डर, म्हणजे थिनरचं उडणं सावकाश करणारं द्रावण मिळतं, रंगाच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मागा, मी थिनरच्या पाच ते दहा टक्के टाकतो, त्यापेक्षा जास्त टाकलं तर थर दिवसभर चिकट राहतो आणि वर चिलटं, धूळ सगळं बसतं. उन्हाळ्यातलं स्वस्त झटपट उडणारं थिनर पावसाळ्यात वापरूच नका. कोट पातळ मारा, एका जाड कोटाऐवजी दोन पातळ, मध्ये वेळ द्या. गनचा प्रेशर उगाच चढवू नका, आमच्या साध्या गनला ४०-४५ पीएसआय पुरतो, जास्त हवा मारली की थिनर वाटेतच उडून जातं आणि जे लाकडावर पोचतं ते गार आणि कोरडं. लॅकरचे डबे जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्यात शहाबादी फरशी बर्फासारखी असते आणि रात्रभर तिच्यावर ठेवलेला डबा सकाळी हवेपेक्षा गार असतो, फळीवर ठेवा. एसी खोलीत ठेवलेलं पॅनल बाहेर काढून लगेच स्प्रे करणं हाही तोच प्रकार, आधी दोन तास शेडमध्ये उभं करून ठेवा.

आणि जे आधीच पांढरं पडलंय त्याचं काय. एनसी लॅकर असेल तर घाबरू नका, ते वाळलं तरी थिनरमध्ये परत विरघळतं. आधी काहीच न करता थांबा, हलकं असेल तर दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर बऱ्याचदा आपलं आपण जातं. नाही गेलं तर शांतपणे कोरड्या वेळेत थिनरमध्ये रिटार्डर मिसळून, लॅकर अजिबात नाही, गनने लांबून धुक्यासारखा एक हलका हात फिरवायचा, पृष्ठभाग जरा ओला चमकला की बास. वरचा थर सैल होतो, अडकलेलं पाणी निघतं आणि खालचा स्टेन परत स्वच्छ दिसायला लागतो, डोळ्यांदेखत होतं हे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आमच्या पॉलिशवाल्या मामांना हाक मारून बोलावलं, ते म्हणाले, "अरे हे तर आम्ही चपड्याला बोळ्याने करायचो." खरंच आहे, चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश पांढरं पडलं तर कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन, जवळजवळ कोरडा बोळा, हलक्या हाताने न थांबता फिरवायचा. एका जागी थांबला की चिकटला. बाटली उघडी ठेवलेलं स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात छोटी बाटली आणा आणि झाकण घट्ट लावा.

पण मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) असेल तर हा उपाय करू नका. त्यात हार्डनर असतो, एकदा पकडलं की थिनरने ते विरघळत नाही, धुकं मारलं तर वर नुसतं थिनर बसून उडून जाईल किंवा थर सुरकुतेल. तिथे पूर्ण कडक होईपर्यंत थांबायचं, ४०० ने हळू घासायचं, पांढरं गेलं की नाही ओल्या फडक्याने पुसून बघायचं, आणि मग चांगल्या हवेत परत कोट. पीयूचा हार्डनर तर पाण्याशी सरळ रिॲक्शन करतो आणि त्यातून गॅस निघतो, म्हणून पावसाळ्यात पीयूवर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, लोक त्याला धूळ समजतात. हार्डनरचा डबा अर्धा वापरून आठ दिवसांनी उघडला आणि तळाशी पांढरा घट्ट गाळ दिसला किंवा डबा फुगलेला असला तर तो वापरायचाच नाही, कितीही पैसे गेले तरी.

इथपर्यंत झालं हवेचं पांढरं. हे ओळखायची खूण म्हणजे ते स्प्रे केल्यावर काही मिनिटांत येतं आणि सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. आता बाकीची.

पांढरं जर ठिपक्या-ठिपक्यांनी असेल, गोल, मध्येच एखादा खड्डा, तर कंप्रेसरमधून पाणी येतंय. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं, पावसाळ्यात आमच्या टाकीतून रोज सकाळी तांब्याभर गढूळ पाणी निघतं, गंजासकट. तपासायला सोपं आहे, गन रिकामी करा आणि कोऱ्या काचेवर किंवा आरशावर अर्धा मिनिट नुसती हवा मारा, काचेवर थेंब दिसले तर तुमचा गुन्हेगार सापडला. टाकीचा खालचा कॉक रोज सोडायचा, खरं तर जोरात काम चालू असेल तर दिवसातून दोनदा, आणि पाणी पकडायचा फिल्टर कंप्रेसरला चिकटून लावण्यापेक्षा पाइप थोडा लांब नेऊन मग लावायचा, कारण कंप्रेसरजवळ हवा गरम असते, तिच्यातलं पाणी अजून वाफेतच असतं आणि फिल्टरच्या हाताला लागत नाही.

पांढरं फक्त रेषांमध्ये, सागाच्या शिरांत खडू भरल्यासारखं दिसतंय? ती हवा नाही. एक तर सीलर (लॅकरच्या आधी मारायचा खालचा थर) घासल्यावर पूड नीट झटकली नाही, ती शिरांत बसली आणि वर कोट मारला, नाहीतर शिरा भरायला पांढरा फिलर वापरला आणि त्यात रंग नीट मिसळला नव्हता. पहिलं असेल तर कोट मारायच्या आधीच कळतं, ओलं फडकं फिरवलं की रेषा गायब आणि वाळलं की परत हजर, ब्रशने शिरांच्या दिशेने झटकून हवा मारा आणि थिनरच्या फडक्याने पुसा. दुसरं असेल तर ते बऱ्याचदा काही महिन्यांनी उमटतं, वरचा थर आवळला की. त्यावर खरा उपाय म्हणजे फिलरमध्ये गेरू, पिवडी, रामरज असं काही मिसळून तो लाकडापेक्षा एक छटा गडदच करायचा. फिकट फिलर कधी ना कधी दिसतो, गडद फिलर लाकडाचा भाग वाटतो.

मग सीलर. सँडिंग सीलर घासायला सोपा जावा म्हणून त्यात साबणासारखा एक घटक असतो, झिंक स्टिअरेट, त्याच्यामुळे तो पेपरखाली छान पांढरी पूड होऊन निघतो. पण तोच घटक जाड थरात धुरकट दिसतो. काही पॉलिशवाले सीलरचे चार-चार हात मारतात कारण सीलर लॅकरपेक्षा स्वस्त आणि भरभर भरतो, आणि मग कोपऱ्यात, बीडिंगच्या खाचेत, जिथे घासायला हात पोचत नाही तिथे निळसर पांढरं दिसतं. न दिसणाऱ्या जागी ब्लेडने थोडं खरवडून बघा. वरचं लॅकर पारदर्शक निघालं आणि खाली पिठूळ लागलं तर सीलर जाड आहे. त्याला काढण्याशिवाय इलाज नाही. पुढच्या वेळी दोन हात, आणि दोन्ही वेळा घासून लाकडाला जवळजवळ टेकेपर्यंत.

आणि शेवटचं, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, खालून येणारं. हे कडांना, जोडांपाशी, पायांच्या तळाशी येतं, घासून परत पॉलिश केलं की आठवड्याने त्याच जागी परत येतं. लाकूडच ओलं आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात घरोघरचं फर्निचर चिखलातून बाहेर काढलं, प्लायची कपाटं तर फुगून उकलली होती, पण सागवानी पलंग, देव्हारे, आजोबांच्या वेळच्या आरामखुर्च्या लोक धुवून पुसून आमच्याकडे घेऊन आले, आणि सगळ्यांना ते १० सप्टेंबरला गणपती बसायच्या आधी हवं होतं. मधे दिवस फक्त ५०, तेही भर पावसातले. लोकांची अवस्था बघून नाही म्हणवत नव्हतं. एका आजींचा देव्हारा होता, वरून हात लावला तर एकदम कोरडा, मी लाकडातला ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया खांबाच्या तळाशी टोचल्या तर २४ टक्के. आजींना म्हटलं, "आजी, यंदा बाप्पा असाच बसवा, नुसता स्वच्छ पुसून, पॉलिश मी दिवाळीनंतर करतो." त्या थांबल्या. नोव्हेंबरच्या शेवटी तोच खांब १२ वर आला तेव्हा चपडा मारला, आजही तसाच आहे. ज्यांना थांबणं शक्य नव्हतं आणि दुसरीकडून मेलामाइन मारून घेतलं त्यातले काही पुढच्या वर्षी पांढऱ्या पायांनी परत आले, वरचा थर नखाने सोलला जात होता. लाकडातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते, वरून बंद केलं तर ते थर उचलून बाहेर येतं.

त्यामुळे मॉइश्चर मीटर घ्या. सुयांचा साधा मीटर महाग नाही. मी १२ टक्क्यांच्या वर लाकूड असेल तर पॉलिशला घेत नाही, आणि आमच्याकडे उघड्या शेडमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये चांगलं वाळलेलं लाकूडही १६-१७ वर चढून बसतं, म्हणून पॉलिशला जाणारा माल बंद खोलीत फळ्यांवर, मध्ये पट्ट्या घालून रचलेला, तिथे डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) चालू. मीटर नसेल तर कच्च्या लाकडावर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने रात्रभर चिकटवा, सकाळी आतून घाम आलेला दिसला तर लाकूड तयार नाही.

दुसरं यंत्र म्हणजे आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर, तो स्प्रेच्या जागी भिंतीला टांगा. माझा स्वतःचा नियम असा, ७५ च्या खाली असेल तर बिनधास्त, ७५ ते ८५ रिटार्डर टाकून, ८५ च्या वर एनसी लॅकरला हात लावायचा नाही मग गिऱ्हाईक कितीही फोन करो. आणि एकाच दिवसात हा आकडा फार फिरतो. सकाळी सातला ९२, दुपारी एकला पाऊस उघडला असेल तर ७४, संध्याकाळी सहाला परत ९०. आम्ही आता पावसाळ्यात स्प्रे फक्त अकरा ते तीनमध्ये करतो, सकाळ-संध्याकाळ घासणं, फिलर, फिटिंग. एवढा एक बदल केला आणि परत येणारी कामं जवळपास थांबली. डिह्युमिडिफायर स्प्रे चालू असताना उपयोगाचा नाही, एक्झॉस्ट बाहेरची ओली हवा आत ओढतच असतो, तो आधी दोन तास लावून खोली आणि माल कोरडा करायचा, मग स्प्रे.

काही जण हॅलोजन लावून किंवा शेगडी ठेवून खोली तापवतात, कृपा करून स्प्रेच्या वेळी ते करू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. आणि पीयू मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, त्याच्या हार्डनरने कायमचा दमा लागू शकतो, कार्ट्रिजचा मास्क द्या तुमच्या माणसांना. मामा खोकत होते तेव्हा आम्हाला वाटायचं तंबाखूने.

सागावर पॉलिश पांढरं नाही पण चिकटच राहतंय, वाळतच नाही, असंही बरेच जण विचारतात. ते सागातलं तेल, काही पीयूंना ते वाळू देत नाही. स्टेनच्या आधी थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसून, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत, अर्ध्या तासात पहिला कोट मारा.

माल पाठवताना पण एक. पावसाळ्यात थर वरून वाळलेला वाटतो पण आतून अजून मऊ असतो, रिटार्डर टाकलं असेल तर जास्तच, आणि त्यावर सरळ बबल रॅप गुंडाळलं की गिऱ्हाइकाच्या घरी उघडल्यावर सगळ्या शटरवर बुडबुड्यांचे गोल गोल पांढरे छाप. आम्ही कमीत कमी तीन दिवस उभं करून ठेवतो, मग अंगठ्याचं नख न दिसणाऱ्या जागी दाबून बघतो, खूण उमटली तर अजून एक दिवस. नाही उमटली तर आधी धुतलेल्या जुन्या सुती साडीचं कापड, त्यावर बबल, आणि टेप कापडाला, लाकडाला नाही.